शपथ का मोडते?



दारू सोडण्याची आपल्याकडे एक जुनी रीत आहे. माणूस देवळात जातो, नारळ फोडतो आणि चार माणसांसमोर शपथ घेतो. कुणी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, ‘आजपासून बंद.’ घरच्यांना वाटते, सुटलो एकदाचे! आठ दिवस बरे जातात. पंधरा दिवस जातात. मग बाजाराचा दिवस येतो आणि संध्याकाळी तोच माणूस झोकांड्या खात घरी येतो.

मग गाव काय म्हणते? ‘त्याच्या शपथेत काय दम आहे! माणूसच खोटा.’ बायको म्हणते, ‘लेकराच्या डोक्यावर हात ठेवला होता, तेही नाही आठवलं?’ आणि तो स्वतः मनाशी म्हणतो, ‘आपण वायाच गेलो. आता सोडून तरी काय फायदा?’ हे शेवटचे वाक्य सगळ्यांत वाईट. ते एकदा मनात बसले, की माणूस प्रयत्नच सोडतो.

शपथ घेताना तो खोटे बोलत होता का? आम्ही म्हणतो, नाही. बहुतेक जण त्या घडीला अगदी मनापासून बोलतात. मग शपथ का मोडते? मनाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी या प्रश्नावर पुष्कळ काम केले आहे. त्यांना काय सापडले, ते या पाठात पाहू.

मन कसे शिकते?

आम्ही जन्मभर शाळेत पाढे शिकवले. ज्याचा पाढा पाठ झाला, त्याला ‘बे चोक’ म्हटले की ‘आठ’ आपोआप तोंडात येते. आता त्याला सांगा, ‘उद्यापासून हा पाढा विसर. घे शपथ!’ तो विसरू शकेल का? बे चोक म्हणताच आठ आठवणारच. त्यात त्याचा लबाडपणा नाही. मन एकदा शिकले, की शिकलेले सहजासहजी पुसले जात नाही.

दारूचेही असेच आहे. रशियात पावलोव नावाचे शास्त्रज्ञ होते. १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. कुत्र्याला खाऊ देण्याआधी ते एक ठरावीक आवाज ऐकवत. असे पुष्कळ दिवस केले. नंतर खाऊ न देता नुसता आवाज ऐकवला, तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटे. आवाज आणि खाऊ यांची गाठ त्याच्या मनात पक्की बसली होती.

माणसाच्या मनातही अशा गाठी बसतात. समजा, एक शेतकरी आहे. सोयाबीन विकून हातात पैसे आले, की तो पितो. बाजाराच्या दिवशी पितो. पोळ्याच्या करीला पितो. दिवेलागण झाली, अमका मित्र भेटला, बायकोशी कटकट झाली, की पितो. वर्षानुवर्षे असे झाले, म्हणजे पैसे, बाजार, पोळ्याची कर, दिवेलागण, तो मित्र आणि ती कटकट या सगळ्या खुणा होतात. खूण दिसली की ओढ उठते. तो ठरवो वा न ठरवो, ती उठतेच. बे चोक आठ!

आता बघा. शपथ घेतली देवळात, सकाळच्या वेळी, गंभीर मनाने. तिथे एकही खूण नव्हती. खुणा आहेत बाजाराच्या वाटेवर. शपथ एका जागी घेतली आणि परीक्षा झाली दुसऱ्याच जागी.

जागा बदलली की काय होते, याचे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. अमेरिकेचे सैनिक व्हिएतनाममध्ये लढत होते. तिथे हेरॉइन हे कडक विष स्वस्तात मिळे. आपल्याकडे ज्याला गर्द म्हणतात, तो त्याचाच भाऊ. सुमारे पाचातला एक सैनिक तिथे त्याच्या आहारी गेला. १९७१ साली परतलेल्या सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या बाईंनी केला. सगळ्यांना भीती होती, की हे लोक घरी येऊनही तेच करतील. पण आहारी गेलेल्यांपैकी पहिल्या वर्षात शंभरात पाचच जण पुन्हा त्या फेऱ्यात सापडले. ती लढाई, ती छावणी, ते सोबती, सगळे मागे राहिले होते. खुणाच मागे राहिल्या होत्या.

आपल्या शेतकऱ्याला मात्र गाव सोडून जाता येत नाही. खुणांच्या मधोमधच त्याला राहायचे आहे. म्हणून नुसती शपथ त्याला पुरत नाही. कोणत्या खुणेच्या वेळी आपण काय करणार, हे त्याने आधीच ठरवले पाहिजे.

शरीराचाही वाटा असतो

रोज भरपूर पिणाऱ्याचे शरीर दारूशी जुळवून घेते. दारू मेंदूला मंद करते. म्हणून मेंदू उलट बाजूने जोर लावून स्वतःला जागे ठेवतो. गाडीत एका बाजूला ओझे जास्त असले, की आपण दुसऱ्या बाजूने रेटा लावून ती सांभाळतो, तसे हे आहे. ओझे अचानक काढले तर काय होईल? रेटा तसाच राहील आणि गाडी कलंडेल.

रोजची दारू एकदम बंद केली, की असेच होते. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, जीव घाबरा होतो. काहींना पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येते. काहींना भास होतात, ते बडबडतात, माणसे ओळखत नाहीत. घरचे म्हणतात, ‘बाहेरचं लागलं,’ आणि मांत्रिकाकडे नेतात. पण हा शरीराचा आजार आहे आणि यात जीवही जाऊ शकतो. म्हणून हे वाक्य दोनदा वाचा: रोज जास्त पिणाऱ्याने दारू एकदम बंद करायची असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावी. थरथर, फिट, भास यांपैकी काहीही दिसले, तर वेळ न घालवता सरकारी दवाखान्यात न्यावे.

कुणी म्हणतो, ‘झोप येत नाही, म्हणून घेतो. कर्जाची काळजी विसरायला घेतो.’ दारूने डोळा लवकर लागतो, हे खरे. पण मध्यरात्रीनंतर तीच दारू झोप मोडते. सकाळी अंग जड, मन उदास, आणि कर्ज होते तिथेच. वर दारूचा खर्च. मग ते उदास मन पुन्हा संध्याकाळची वाट पाहते. असे हे चाक फिरत राहते.

आग्रहाची गाठ

वाशीम जिल्ह्याला लागून अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुका आहे. तिथल्या दापुरे गावी मामाच्या घरी एक पोर वाढले. त्याचे नाव डेबू. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे त्याचा जन्म झाला. तो लहान असतानाच त्याचा बाप दारूपायी गेला. हाच डेबू पुढे संत गाडगे महाराज झाला.

डेबू मोठा झाला. त्याला मुलगी झाली. त्या काळी बारशाला भाऊबंदांना मटण आणि दारू देण्याची रीत होती. डेबूने गोड जेवण वाढले. दारू ठेवलीच नाही. भाऊबंद नाराज झाले. पण तो हटला नाही.

या गोष्टीत मनाच्या शास्त्राचा एक मोठा धडा आहे. माणूस एकटा पीत नाही, त्याला चार जण पाजतात. ‘आजच्या दिवस घे ना भाऊ, तुह्या पोराचं लगन आहे.’ नाही म्हटले, की ‘लय मोठा झाला का रे?’ दारूचा मोह एक वेळ आवरतो, पण चारचौघांतला हा टोमणा आवरत नाही. गाडगेबाबांनी नुसते ‘मी पिणार नाही’ असे ठरवले नाही. त्यांनी रीतच बदलली. पंगतीतून खूणच काढून टाकली.

आपल्या जिल्ह्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. नशेपासून दूर राहा, अशी शिकवण त्यांच्या नावाने बंजारा समाजात सांगितली जाते. संतांनी हे वारंवार का सांगितले असेल? कारण रीत सगळ्यांनी मिळून बदलली, तर एकट्या माणसाचे ओझे हलके होते. दारूचे दुकान बंद करण्यासाठी गावाचे मतदान मागता येते, असा नियम महाराष्ट्रात आहे. यात स्त्रियांचे मत मोठे. याला लोक ‘बाटली आडवी करणे’ म्हणतात. तेही खुणा कमी करण्याचेच काम आहे.

धोक्याच्या तीन वेळा

अमेरिकेत ॲलन मार्लट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. सुटलेली दारू पुन्हा केव्हा सुरू होते, याचा त्यांनी शोध घेतला. बहुतेक वेळा पुढील तीनपैकी एक कारण सापडले. पहिले, मन वाईट असणे: दुःख, राग, काळजी, एकटेपणा. दुसरे, कुणाशी तरी भांडण. तिसरे, लोकांचा आग्रह.

मार्लट यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ती फार कामाची आहे. महिनाभर न पिणारा माणूस एक दिवस एक घोट घेतो. इतक्याने सगळे संपत नाही. पण तो म्हणतो, ‘मोडली शपथ! आता एक काय आणि दहा काय!’ आणि मग तो खरोखर दहा पितो. घोटाने जेवढे नुकसान झाले नव्हते, तेवढे या विचाराने होते.

शाळेत पोराचे गणित चुकले, तर आम्ही पाटी फोडत नसू. कुठे चुकले ते बघत असू. इथेही तसेच करावे. घसरला, तर दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारावे, ‘काल कोण भेटलं होतं? कुठं गेला होता? आधी काय झालं होतं?’ खूण सापडली, की पुढच्या वेळची तयारी करता येते. महिनाभर न पिता काढलेले दिवस वाया गेलेले नसतात. तेवढे तो शिकलेला असतो.

तयारी म्हणजे काय? बाजाराला एकट्याने जायचे नाही. विक्रीचे पैसे खात्यात जमा करायचे, रोख हातात ठेवायचे नाहीत. दुकानाची वाट सोडून दुसऱ्या वाटेने यायचे. संध्याकाळी रिकामे बसायचे नाही, काहीतरी काम किंवा भजन ठरवून ठेवायचे. आग्रह झाला तर काय बोलायचे, ते वाक्य आधी पाठ करायचे: ‘डॉक्टरांनी बंद केली आहे. चहा घेऊ.’ आणि ओढ उठली तर? ओढ ही लाटेसारखी असते. ती चढते आणि बहुधा पाव-अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, काही खावे, कुणाजवळ तरी जाऊन बसावे. दर वेळी लाट ओसरू दिली, की खुणेची गाठ थोडी सैल होते. जुना पाढा पुसला जात नाही, पण त्यावर नवा पाठ करता येतो.

खर्रा आणि तंबाखूचेही असेच आहे. चहा झाला की खर्रा, गप्पा सुरू झाल्या की खर्रा. तिथेही खूण शोधावी आणि तिच्या जागी दुसरे काही बसवावे.

टोमणे की विचारपूस?

पुष्कळांना वाटते, पिणाऱ्याला चांगले फैलावर घ्यावे, म्हणजे त्याला लाज वाटेल आणि तो सुधारेल. विल्यम मिलर हे या विषयातले मोठे अभ्यासक. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले, की सल्ला देणारा जितके खडसावून बोलला, तितकी पिणाऱ्याची दारू पुढे जास्त राहिली. याचे कारण सोपे आहे. आपण म्हणतो, ‘तू घर बुडवलंस.’ तो म्हणतो, ‘मी काही एवढा पीत नाही.’ आपण जितके रेटू, तितका तो आपली बाजू मांडतो. शेवटी स्वतःचेच बोलणे त्याला खरे वाटू लागते.

त्यापेक्षा विचारावे. ‘प्यायल्यानं तुला काय मिळतं?’ आधी हे विचारावे आणि ऐकून घ्यावे. मग विचारावे, ‘आणि काय जातं?’ बहुतेक माणसे दोन मनांची असतात. एक मन म्हणते सोडावी, दुसरे म्हणते राहू दे. सोडणाऱ्या मनाला बोलू द्यावे. स्वतःच्या तोंडून निघालेले कारण माणसाला पटते, दुसऱ्याने सांगितलेले पटत नाही.

हे काम मोठ्या डॉक्टरांनाच जमते असेही नाही. गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३७७ पुरुष होते. दारूने त्यांचे नुकसान होत होते, पण ते पुरते आहारी गेलेले नव्हते. त्यांतल्या निम्म्यांना गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या लोकांनी फार तर चार वेळा बसवून बोलते केले. तीन महिन्यांनी पाहिले, तर या गटात शंभरी ३६ जणांचे पिणे धोक्याच्या खाली आले होते. ज्यांना असे बोलणे मिळाले नाही, त्यांच्यात शंभरी २६. चार वेळा नीट बोलण्याने एवढा फरक पडला!

घरच्या बायामाणसांसाठी

भगिनींनो, नवरा पितो यात तुमचा दोष नाही, हे आधी मनात पक्के करा. ‘बायकोनं नीट सांभाळलं नाही’ असे म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

तो नशेत असताना वाद घालू नका. सकाळी तो शुद्धीवर असताना थोडक्यात बोला. ज्या दिवशी तो पिऊन येत नाही, त्या दिवशी त्याच्याशी चांगले बोला, गरम जेवायला वाढा. लोक पितानाचा दिवस मोजतात, न पितानाचा दिवस कुणाच्या लक्षातच येत नाही! मात्र त्याने केलेले नुकसान झाकत बसू नका. त्याची उधारी तुम्ही फेडली, त्याच्यासाठी मालकाशी खोटे बोलला, तर दारूचा चटका त्याला लागतच नाही.

‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींना फसू नका. चोरून जेवणात पूड किंवा गोळी घालणे धोक्याचे आहे. एक औषध असे आहे, की ते पोटात असताना दारू प्यायली तर जिवावर बेतू शकते. ते डॉक्टरांनीच, पिणाऱ्याला सांगून आणि त्याच्या संमतीने द्यायचे असते.

आणि मारहाण सोसणे ही कसलीही सेवा नाही. लेकरांना घेऊन सुरक्षित जागी जा. १८१ हा स्त्रियांच्या मदतीचा आणि ११२ हा पोलिसांचा क्रमांक आहे. तो आजारी आहे म्हणून मारण्याचा हक्क त्याला मिळत नाही.

मदत कुठे मिळते?

१९३५ साली अमेरिकेत दारूने पोळलेले दोन गृहस्थ एकमेकांना भेटले. एक शेअरबाजारात काम करणारा होता, दुसरा शल्यक्रिया करणारा डॉक्टर. दोघांना कळले, की एकमेकांशी मोकळे बोलले तर आजचा दिवस न पिता जातो. त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही मंडळी उभी राहिली. तिला नुसते ‘ए. ए.’ म्हणतात. तिच्या सभा महाराष्ट्रातही भरतात. तिथे फी नाही आणि पूर्ण नाव सांगावे लागत नाही. त्यांचा निश्चय फक्त ‘आजच्या दिवसापुरता’ असतो. जन्मभराची शपथ जड होते, पण एक दिवस कुणालाही उचलतो.

पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आधार दिला. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तिथे नव्यांना हात देतात. तिथे पत्नींचाही वेगळा गट भरतो, कारण घरच्यांच्या मनालाही औषध लागते.

२०१९ साली भारत सरकारने दिल्लीच्या एम्स या संस्थेकडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल आला. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या दर ३८ माणसांपैकी एकालाच काही उपचार मिळाल्याचे त्यात दिसले. उरलेले ३७ कुठे आहेत? ते आपल्याच गावात आहेत. कुणी पारावर, कुणी शेताच्या बांधावर. त्यांच्या शपथा मोडल्या आहेत आणि ‘तो वाया गेला’ म्हणून आपण त्यांच्याकडे पाहणे सोडले आहे.

१४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक आहे. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी रात्री-बेरात्रीसुद्धा त्यावर फुकट बोलता येते, मराठीतही बोलता येते. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठी सरकारचा क्रमांक आहे. ज्यांना वाचता येते त्यांनी हे आकडे पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून घराच्या भिंतीला लावावेत. शेजाऱ्याला वाचता येत नसेल, तर त्याला वाचून दाखवावेत.

शपथ घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. शपथ चांगलीच. पण ती पाटीवर काढलेल्या पहिल्या ‘अ’सारखी आहे. ‘अ’ काढला म्हणजे वाचता आले असे होत नाही. तो रोज गिरवावा लागतो. कधी वाकडा येतो, तेव्हा पुसून पुन्हा काढावा लागतो. तुम्ही पन्नाशीत अक्षरे शिकता आहात. मन कोणत्याही वयात नवे शिकते, याचा पुरावा तुम्हीच आहात. गावात कुणाची शपथ मोडली, तर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणा, ‘चल, पुन्हा गिरवू.’

विचार करा आणि सांगा

१. शपथ घेताना माणूस बहुधा खोटे बोलत नसतो. मग ती का मोडते?
२. ‘खूण’ म्हणजे काय? तुमच्या गावातील तीन खुणा सांगा.
३. रोजची दारू एकदम बंद करताना डॉक्टर का हवेत?
४. गाडगेबाबांनी बारशाला काय बदलले? तुमच्या गावात कोणती रीत बदलता येईल?
५. एखादा माणूस महिनाभर न पिता राहिला आणि काल घसरला. त्याच्याशी आज सकाळी तुम्ही काय बोलाल? चार वाक्ये लिहा.